अनेक विश्वं आणि राऊतकाकांची एक सही

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो! वसईच्या एखाद्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवा आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये नुसतं बसा, आपोआप अंगावर येऊन पडतात. माझं चुकलं एवढंच, की विज्ञान दिनाला मी ‘अनेक विश्वं’ या विषयावर वीस मिनिटं बोलले. “ही कल्पना आहे, पुरावा नाही,” असं सात वेळा म्हणाले. तेवढं सोडून बाकी सगळं सगळ्यांना पाठ!

त्यात आमच्या लॅबच्या राऊतकाकांचं प्रकरण चालू होतं. जवळच्याच सांडोर गावात त्यांची केळीची वाडी. धाकट्या भावाने ती विकायच्या बिल्डरच्या कागदावर सही करून टाकलेली, काकांची तेवढी बाकी. माणूस आतून पार खंगला होता, आणि आमची स्टाफरूम त्याला फुकटचे सल्ले देत होती.

*

प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या लेन्सची फोकल लेंथ आली दहा सेंटिमीटर. एका मुलीची नव्वद!

“मॅडम, दुसऱ्या विश्वात हेच बरोबर असेल.”

“हो का? मग मार्क्सही तिथलेच घे!”

राऊतकाका मागून हळूच म्हणाले, “अगं बाय, मीटरपट्टी उलटी धरलीयस.”

*

प्रिन्सिपॉलसरांना प्रदर्शनात अनेक विश्वांचं मॉडेल हवं होतं. थर्माकोलचे दोन गोळे केले, दोन्हींत बल्ब. पाहुणे आले आणि एक बल्ब गेला.

“यातलं आपलं विश्व कुठलं?” पाहुण्यांनी विचारलं.

सर शांतपणे म्हणाले, “अंधार आहे ते. आपण वसईकर ना, रोज लाइट जाणारे!”

आणि मी रात्रभर जागून लिहिलेला तक्ता? तो कोणी वाचलासुद्धा नाही.

*

कॉमर्सचे डिमेलोसर थेट चर्चच्या फादरना जाऊन विचारून आले, की अनेक विश्वं असतील तर देवाचं काय?

फादर म्हणाले, “देवाचं तो बघेल. तू या एका विश्वातल्या रविवारच्या मिस्साला उशिरा येतोस, बाकीच्या विश्वांत कसा पोचणार?”

*

मराठीच्या देसाईबाईंनी कहरच केला! मुलीची पत्रिका जुळेना, तर माझ्या भाषणाचं रेकॉर्डिंग गुरुजींना ऐकवलं. गुरुजींनी सांगितलं, हा समांतर विश्वाचा दोष, शांती करावी लागेल.

अख्ख्या जगातल्या शास्त्रज्ञांना पुरावा मिळेना, आणि यांना उपाय मिळाला! मी डोक्याला हात लावला.

*

मग एके दुपारी राऊतकाकांचा भाऊ कागद घेऊन लॅबमध्येच आला. त्याच्याही कानावर माझं भाषण गेलेलं. अरे देवा!

“दादा, मॅडमच म्हणाल्या ना, प्रत्येक निर्णयाचं वेगळं जग तयार होतं? तू इथे सही कर. त्या दुसऱ्या जगात वाडी राहीलच की!”

मी तोंड उघडलं. “अहो, पुरावा...” पण माझं ऐकतंय कोण? मला त्या भावाचा असा संताप आला म्हणून सांगू!

काकांनी पेन हातात घेतलं.

“मॅडम, त्या जगात माझी वाडी असेल?”

“असेलही काका. मला नाही सांगता येणार.”

“आणि तिथल्या केळींना पाणी कोण सोडतं?”

भावाने कागद आणखी पुढे सरकवला.

काकांनी पेन खिशाला लावलं, घड्याळ बघितलं.

“आज अर्धा तास लवकर जातो, मॅडम. वाडीवरची मोटर लावायची आहे.”