मल्चिंग पेपर विणणाऱ्या यमुनाताई

यमुनाताईंना मी प्रथम पाहिलं ते बोरी बुद्रुकच्या एका बांधावर. टोमॅटोचा हंगाम संपला होता. रानातून ओढून काढलेल्या मल्चिंग पेपरचा, म्हणजे वाफ्यांवर अंथरायच्या प्लॅस्टिकचा, ढीग एक शेतकरी पेटवायला निघाला होता आणि ताई त्याला थांबवत होत्या. "भाऊ, पेटवू नका. माझी मेंढी असलंच पलाष्टिक खाऊन मेली. मला द्या, मी धुऊन विणते." तो हसला, पण ढीग त्याने दिला. मी तेव्हा शिनोलीच्या शाळेत चित्रकला शिकवत असे. कुतूहलाने ताईंच्या मागोमाग त्यांच्या घरी गेले आणि पुढे जातच राहिले.

ताई मेंढपाळ घराण्यातल्या. घोंगड्या विणायचा वडिलांचा माग त्यांनी जपला होता. त्यावर लोकरीच्या उभ्या धाग्यांत या प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या भरून त्यांनी विणलेले पडदे आज दूरदूरच्या प्रदर्शनांत लागतात.

त्यांचं सर्वांत मोठं काम मात्र ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्यांतून घडवलेली मेंढी. तिचं पोट त्यांनी उघडं ठेवलं आणि मेलेल्या मेंढीच्या पोटात निघाल्या होत्या तशा पिशव्या, दोऱ्या आत कोंबल्या. शहरातल्या एका प्रदर्शनाच्या आयोजकांनी पोट झाकण्याची अट घातली. पाहुण्यांना ते बघवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या प्रदर्शनासाठी ताई वर्षभर खपल्या होत्या, म्हणून तडजोड करावी असं मीही विनवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला तरी कुठं बघवलं व्हतं?" आणि मेंढी टेम्पोत घालून परत आणली.

ती त्यांनी आळेफाट्याला बाजाराच्या दिवशी मांडली. लोक वाकून पोटात पाहत. ढीग देणारा बोरीचा तो शेतकरीही बराच वेळ उभा होता. पुढच्या हंगामात तो स्वतः ट्रॉली भरून मल्चिंग पेपर ताईंच्या दारात घेऊन आला. त्याचं पाहून इतरही आणू लागले. आता ताईंच्या पडवीत आणखी माग बसले आहेत आणि त्यांवर गावातल्या बायका विणतात.

माझे यजमान गेले तेव्हा मी घराबाहेर पडणं सोडलं होतं. ताई एसटीने आल्या, माझ्याकडेच राहिल्या, रोज भाकरी करून मला जेवू घातलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "चला, एक माग रिकामा हाय." मी गेले. आजही तिथेच बसते.

ताई पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. त्यांच्या हातांतलं बळ असंच राहो. आणि एक दिवस असा यावा, की शिवारात शोधूनही प्लॅस्टिक सापडू नये, ताईंना निव्वळ लोकर विणावी लागावी, आणि तो दिवस पाहायला त्या ठणठणीत असाव्यात.