काकूंनी रकून घालवला

आमच्या घरमालक काकांइतका हट्टी माणूस अमेरिकेतल्या या अख्ख्या श्रूजबरीत नसेल, आणि असलाच तर तोही साताऱ्याहूनच आलेला असेल. मी इथल्या घरांतून पोळ्या करणारी, सातवीत शाळा सुटलेली, दारावरची बेल वाजली तरी दचकणारी. मला बेसमेंटची खोली देताना त्यांनी एवढंच बजावलं, "घाबरायचं तेवढं घाबर, पोळ्या जाड करू नकोस." त्यांचे उपकार मोजायला बसले तर पीठ भिजवायचं राहील.

रकूनशी त्यांचं युद्ध कचऱ्याच्या डब्यावरून पेटलं. रकून म्हणजे इथलं कचरा उपसणारं रानटी जनावर: डोळ्यांवर काळी पट्टी, अंगाने मांजराहून थोराड, हात थेट माणसाचे. काकांनी झाकणाला नाडी बांधली, त्याने गाठ सोडली. काकांनी डब्याला काळा मसाला चोळला, त्याने चाटून लख्ख केला. "चवीचा आहे लेकाचा!" काका म्हणाले, आणि तिखट वाढवलं.

पुढे कळलं, तो नव्हे, ती. छपराखालच्या भोकातून शिरून माळ्यावर व्याली. रकून पकडणारा गोरा म्हणाला, पिल्लं आहेत तोवर भोक बुजवू नका. माणसाचा आवाज सतत चालू ठेवा, कंटाळून जाईल. दुसऱ्या कुणी रेडिओ लावला असता. काकांनी काकूंचा फोन काढला. काकू गेल्यापासून तो त्यांनी उघडला नव्हता. "जन्मभर या आवाजाने मला घराबाहेर पिटाळलंय, रकून काय चीज आहे!"

मग दिवसभर माळ्यावरून काकूंनी कधीकाळी फोनवर बोलून काकांना पाठवलेले निरोप: "अहो, येताना कोथिंबीर आणा." "अहो, ऐकताय ना?" खाली पेपर वाचता वाचता काका म्हणायचे, "आणतो गं," आणि खरंच आणायचे. फ्रिजमध्ये कोथिंबीर मावेना. मी वड्या करत सुटले, आणि पोळपाटाशी उभी राहून मनातल्या मनात रकूनीला विनवत होते, बाई, जाऊ नकोस. ती गेली की फोन लावायला काकांकडे निमित्त उरणार नव्हतं. मला इथे नावाने हाक मारणारं कुणी नाही. पण त्या "अहो"ने घरात बाईमाणूस असल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी ती एकेक पिल्लू तोंडात धरून कुंपणावरून निघून गेली. गोरा भोक बुजवायला फळी घेऊन आला. काका त्याची शिडी अडवून धरत म्हणाले, "वेट वन वीक. शी माइट कम बॅक."

"शी वोन्ट, सर," तो समजुतीने म्हणाला.

काकांनी मान डोलावली, आणि शिडी सोडली.