आपल्या मुलखातला गॅरेजवाला
आज खाली पार्किंगमध्ये कुणीतरी जुनी बाईक किक मारून सुरू केली, पेट्रोलचा उग्र वास वर गॅलरीपर्यंत आला आणि मला आम्ही गुजरातेत राहायचो तेव्हाचं, भेस्तानमधलं ते पत्र्याचं गॅरेज आठवलं. मुलांनो, तुमचा बाबा तेव्हा कॉलेजात होता आणि शिकवण्या करून डर्ट बाईकसाठी पैसे साठवत होता. तिथे त्याला एक मिळाली, उंच, पिवळी, चिखलाने माखलेली. कागद मात्र नव्हते. तुमच्या आजोबांनी बँकेत सख्ख्या मेहुण्यालाही कागदांशिवाय कर्ज दिलं नव्हतं, त्यांनी लगेच आरसी बुक मागितलं. गॅरेजवाला हसला. "काका, तुम्ही धुळ्याचे, मी शिरपूरचा. परमुलखात आपल्याच माणसावर भरवसा नाही?" आजोबा ओशाळले आणि त्याच्याकडचा चहा पिऊन गाडी घेऊन आले. पंधरवड्यात पोलिसांनी ती अडवली. गाडी चोरीची होती. चौकीत तुमचा बाबा घामाने भिजून उभा होता आणि हवालदार त्याला सरळ चोर म्हणत होता. गॅरेजवाल्याला बोलावलं तेव्हा मला हायसं वाटलं, आता हा खरं सांगेल. तो आला, आमच्याकडे न बघता साहेबांना गुजरातीत म्हणाला, "आ लोकोने तो हुं ओळखतो ज नथी." आम्हाला ओळखतच नाही म्हणे! वकील करून बाबाला सोडवलं. आता तुम्ही राहता तिकडच्या महाराष्ट्र मंडळात निदान गणपतीला तरी जा, असं मी फोनवर सुचवलं, की तो म्हणतो, "आई, आवाज तुटतोय," आणि फोन ठेवतो.