दोन्ही डोळे सारखेच पिवळे

पत्रकाची पहिली ओळ अशी हवी, की वाचणाऱ्याच्या हातातला चहाचा कप मध्येच थांबला पाहिजे – एवढं एक मी चौकात उभी राहून शिकले. आज तशी ओळ सुचत नाही. गरजही नाही. हे कुठे वाटायचं नाही, कुठल्या भिंतीवर चिकटवायचं नाही. पुढे जे लिहिते आहे ते आईला ठाऊक नाही, आमच्या समितीला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्यानेही ते माझ्या तोंडून ऐकलेलं नाही. दोन वर्षं झाली. थकले मी. चिडून नाही – चिडणं हे तर माझं कामच आहे. गप्प राहून थकले.

तुम्ही मला ओळखत असाल तर ‘अज्ञात वाहन’वाली म्हणूनच. कोहमाऱ्याहून गोंदियाला येणारा रस्ता जंगलातून येतो. तिथे सारखं काहीतरी मरून पडतं – चितळ, रानडुक्कर, एखादं अस्वल. मग पेपरात दोन ओळी : अज्ञात वाहनाच्या धडकेत ठार. जंगलातली जनावरं वाचवायला काढलेल्या आमच्या समितीची पत्रकं लिहिताना त्या दोन शब्दांवर मी तुटून पडले होते. वाहन अज्ञात कसं असेल? त्याला नंबर असतो, मालक असतो, स्टिअरिंगवर दोन हात असतात. ज्याचे हात, त्याला तर ठाऊकच असतं ना? – हे माझं वाक्य. लोकांना ते पाठ झालं. पत्रकाच्या तळाशी सूचना असायच्या, त्याही मीच लिहिलेल्या. हळू चालवा. धडक झाली तर थांबा. वनखात्याला फोन करा. कोणी येईपर्यंत जनावराजवळ उभे राहा.

आता गाडीचं सांगते. सगळं तिथून सुरू झालं – पण हे असं म्हणून मी गाडीवर ढकलते आहे का? गाडीचा काही दोष नव्हता. गुणी गाडी होती ती.

नागपूरच्या एका मैत्रिणीने मला एकदा ट्रॅक डेला नेलं. काही हौशी लोक मिळून एक मोकळं डांबरी मैदान दिवसभरासाठी घेतात, वळणं आखायला रबरी शंकू मांडतात, हेल्मेट घालतात आणि आपापल्या गाड्या पळवतात. शर्यत नाही. समोरून कोणी येत नाही, आडवं कोणी जात नाही. वळणाआधी ब्रेक, गिअर खाली, गाडीचं नाक आत, आणि बाहेर पडताना पाय दाबायचा – बस्स. भाषणं करून माझा घसा नेहमीच बसायचा. त्या दिवशी हसून बसला. मला वाटलं, ही एक गोष्ट माझी असावी. ना समितीची, ना समाजाची.

पण आमच्यात ‘मजा’ हा शब्द जरा लपवूनच उच्चारतात. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, गाडी कामासाठी हवी आहे. ते पहिलं खोटं. लहान होतं, चालून गेलं. समितीतले म्हणाले, मग मोठी डिझेल घे, फलक मावतील. बाबांनी विचारलं, जयंतीच्या मिरवणुकीले साउंड बसते का तिच्यात?

खरं काय हवं होतं ते मी एकाच माणसाला सांगितलं. धनराजदादाला. तो आमच्या सौंदडकडचाच, आमच्याच विहारात येणारा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. नागझिऱ्याच्या गेटवर पर्यटकांची जिप्सी चालवायचा. मला गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. चितळाची एक हाक ऐकून वाघ कोणत्या अंगाला आहे ते सांगायचा, आणि इंजिन ऐकून त्याचं दुखणं.

त्याच्यासोबत मी तीन गाड्या पाहिल्या. पहिली एका तांदूळ व्यापाऱ्याची लांबलचक डिझेल. तिचं नाकच इतकं जड, की वळण संपलं तरी ती सरळच जाऊ पाहायची. दुसरी उघडी जीप, मोठमोठे टायर लावून नवरदेवासारखी सजवलेली. दादा म्हणाला, वळणावर हे लोळते. तिसरी आमगावच्या एका मास्तरांची. बारा वर्षं जुनी, लहानशी, पेट्रोलची, गडद लाल. दादाने पायाखालची चटई उचलून गंज पाहिला, बॉनेटचे बोल्ट कधी उघडले होते का ते पाहिलं, ब्रेक तीनतीनदा मारून पाहिले. परत आल्यावर म्हणाला, मास्तरनं हिले चौथ्या गिअरमधी टाकलीच नाही वाटते.

मी ताकद विचारली. किती हॉर्सपॉवर?

“घोडे मोजून काय करशील? हलकी आहे ना. हलकी गाडी वळते बी लवकर, थांबते बी लवकर. टायर-ब्रेक चांगले टाक, सामान गोंदियातच भेटते.” मग तो समोर उकिडवा बसला आणि गळ्यातल्या दुपट्ट्याने दोन्ही हेडलाइट पुसले. “हे पाह्य. दोन्ही डोळे सारखेच पिवळे. म्हणजे हिले कोणी ठोकली नाही, लाइट बदलला नाही. एक डोळा पांढरा अन् एक पिवळा दिसला, की ती गाडी घ्यायची नाही वं.”

घेतली. दोनदा ट्रॅकवर नेली. एरवी शनिवार-रविवारी नुसतीच हिंडवायची, नागऱ्याच्या देवळापर्यंत आणि परत, उगाच. खोटं कशाला बोलू – सुखाचे दिवस होते.

आता यापुढे मला सरळ लिहिता येईल का?

थंडी सरत आली होती. रविवारचा ट्रॅक डे ऐनवेळी रद्द झाला. मी पहाटेच उठून तयार, टायरमध्ये हवा भरलेली, अंगात ती वळणं शिरलेली. वाटलं, रस्ता रिकामाच असेल. जंगलातलं एक वळण मला माहीत होतं, अगदी ट्रॅकवरच्यासारखं. तिथेच माझ्या समितीचा फलक आहे. तो मी पाहिला. ब्रेक, गिअर खाली, नाक आत – आणि बाहेर पडताना पाय दाबला.

चितळाची मादी होती. हलकी गाडी लवकर थांबते. तेवढी लवकर नाही थांबत.

मी उतरले. ती जिवंत होती. बरगड्या वरखाली होत होत्या, एक पाय डांबरावर सारखा घासत होता. फोन हातात होता. नंबर पाठ होता, मीच तर छापला होता. मी काय केलं? फुटलेल्या लाइटचे आणि बंपरचे मोठे तुकडे वेचले आणि डिक्कीत टाकले. तेवढं बरोबर सुचलं. बारीक तुकडे राहिले. मग गाडीत बसले आणि हळू – फार हळू – गाडी चालवत घरी आले.

माझ्यामागून त्याच रस्त्याने धनराजदादा सकाळच्या फेरीसाठी रिकामी जिप्सी घेऊन गेटकडे निघाला होता. तो थांबला. त्याने फोन केला. चितळ भिऊ नये म्हणून दुपट्ट्याने तिचे डोळे झाकले आणि माणसं येईपर्यंत तिच्याजवळ उभा राहिला. ती गेली तरी उभा राहिला. माझ्या पत्रकातली एकेक ओळ त्याने पाळली. त्याच्या जिप्सीचा डावा लाइट चार दिवसांपूर्वी बांबू लागून फुटला होता. रस्त्यावर काचेसारखे तुकडे, बाजूला फुटक्या लाइटची गाडी, मध्ये मेलेलं जनावर. लोकांनी आणखी काय पाहायचं?

गेटवर जिप्सीवाल्यांचं आपलं एक मंडळ आहे. कोणाची गाडी कधी आत जाणार, त्याचा नंबर तेच लावतात. त्यांनी दादाचा नंबर थांबवला – खरं-खोटं होईपर्यंत. मंडळाला भीती कशाची होती? माझ्या पत्रकाची.

दुसऱ्या दिवशी दादा घरी आला. आईने खुर्ची दिली तरी बसला नाही. बोलायच्या आधी त्याने दुपट्टा दोनदा झटकला.

“तुझ्या लिहिल्याले लोकं मानते. एक कागद लिहून दे ना वं. धनराज पळाला नाही, उभा राहिला – एवढंच लिही.”

माझी गाडी मागे, गुरांच्या कोठ्याच्या आडोशाला ताडपत्रीखाली होती. मी म्हणाले, “दादा, समितीले कोणाची बाजू घेता येत नाही. चौकशी होऊ दे.”

तो म्हणाला, “होय ना, बरोबर आहे.” माझ्या भाषणाला मान डोलवावी तसं. आणि गेला.

इथे थांबले असते तर मी फक्त भित्री ठरले असते. पण समितीला पत्रक हवं होतं, आणि लिहायला मीच होते. एका बैठकीत लिहिलं, खाडाखोड न करता. माझं सगळ्यांत चांगलं पत्रक आहे ते – आजही लोक सांगतात. त्यात एक ओळ आहे : ‘ज्यांचं पोट जंगलावर, तेच जंगलाचे वैरी होणार असतील तर दाद कोणाकडे मागायची?’ नाव कुठेच नाही. नावाची गरज होती का? ती ओळ मला कोणी लिहायला लावली नाही. लोकांनी रस्त्याकडे पाहू नये, गेटकडे पाहावं म्हणून मी ती लिहिली. लिहिताना मला हे ठाऊक होतं.

मंडळाने दादाचा नंबर कायमचा काढला. त्या जागी दुसरी गाडी लागली. दादाने जिप्सी विकली. आता तो गोंदियात एका राइस मिलचा टेम्पो चालवतो, कोंड्याची पोती इकडून तिकडे. चितळाच्या हाकेवरून वाघ सांगणारा माणूस – त्याला तिथे ऐकायला काय आहे? हॉर्न.

माझी गाडी मी नागपुरात नेऊन दुरुस्त केली. घरी सांगितलं, दगड लागला. जयंतीच्या दिवशी दादा गाडीसमोर जरा थांबला. म्हणाला, “एक डोळा नवीन दिसून राहिला.” मी म्हणाले, दगड लागला होता. “दगड,” तो म्हणाला. बस्स, तेवढाच शब्द. विहारात आम्ही पंचशील म्हणतो तेव्हा तो दोन रांगा पुढे बसलेला असतो. चौथ्या शीलाशी – खोटं बोलणार नाही, तिथे – माझे नुसतेच ओठ हलतात. त्याचा आवाज ऐकू येतो.

गेल्या महिन्यात मी गाडी विकायला काढली. तिरोड्याचा एक तरुण कंपाउंडर आला. त्यालाही तेच हवं होतं – लहान, हलकी, परवडणारी, सुट्टीच्या दिवशी जरा मजा म्हणून. बाबांनी गाडी दाखवायला धनराजदादाला बोलावलं. त्यांना काय ठाऊक? गाडी त्यानेच निवडली होती, एवढंच त्यांच्या लक्षात. मी नको म्हणायच्या आत तो आलाही.

त्याने सगळं नीट दाखवलं. ब्रेक, टायर, गंज नसलेला तळ. मग पोराने विचारलं, “भैया, ठुकी हुई तो नहीं है ना?”

दादा समोर उकिडवा बसला. गळ्यातला दुपट्टा काढला आणि दोन्ही लाइट पुसले, सावकाश. एक पांढरा. एक पिवळा. वर न पाहता म्हणाला, “मालकीण उभी आहे ना. तिले विचारा.”

दोन वर्षांत कोणीच मला विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं. पोरगा माझ्याकडे पाहत होता. दादा लाइटकडेच पाहत होता. आजूबाजूला कोणी नव्हतं, बाबा आत चहा सांगायला गेले होते.

“नाही,” मी म्हणाले.

दादा उठला. दुपट्ट्याची घडी करून खांद्यावर टाकली. पोराला म्हणाला, गाडी हलकी आहे, जंगलाच्या रस्त्यानं जपून ने. चहाला थांबला नाही.

गाडी आता तिरोड्याला आहे. नंबर तोच, मालक दुसरा. त्या सकाळी स्टिअरिंगवर होते ते हात माझे.