कुठून आणि कुठे

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि अक्षर तर दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. चौथीनंतर हातात पेन्सिल कमी आणि पीठ जास्त आलं. काही चुकलं असेल तर माफ करा. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय मला काही सुरूच करता येत नाही.

आम्ही सुकापूरला राहतो. मी तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घ्यायचे. मी थापायची आणि भाजायची, आणि माझी धाकटी जाऊ तिच्या स्कूटरवरून मला मागे बसवून पोचवायला न्यायची. टोपली माझ्या मांडीवर. आधी गावातल्याच ऑर्डरी असत, तेव्हा पत्ता विचारायची वेळच येत नसे. मग सगळीकडे इमारती झाल्या आणि फोन लांबून यायला लागले.

मला माणसाला रस्ता विचारायची फार लाज. रिक्षावाल्यांच्या घोळक्यासमोर उभी राहिले की तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून जावेने फोनमधला नकाशा दाखवला तेव्हा मला तो लगेच आवडला. तो कोणाची सून, कुठली, असं काही विचारत नाही.

पण त्याला कसंही विचारून चालत नाही. दोन रकाने असतात. वर कुठून आणि खाली कुठे. वरचा तो स्वतःच भरतो, आपण जिथे उभे असू ते. खालचा आपण भरायचा. मी पहिल्यांदा लिहिलं, ‘शाळेच्या मागे, गिरणीच्या बाजूला’. त्याने कुठल्यातरी दुसऱ्याच जिल्ह्यातली शाळा काढून दिली.

जाऊ म्हणाली, “ताई, त्याला बाजूला-मागे कलत नाय. त्याला नाव सांग, नायतर जागेवर बोट दाबून धर, लाल खूण येईल. नायतर गिऱ्हाइकाला सांग, लोकेशन धाड म्हणून. तीनच वाटा हायत.”

“आणि चौथी?”

“चौथी तोंडाची. ती तुला जमायची नाय.”

कशाने जायचं तेही सांगावं लागतं. मी बरेच दिवस चालणाऱ्या माणसाच्या चित्रावर बोट ठेवायची, कारण मी कुठेही चालतच जाते. खांदा कॉलनीला जायला तो इतका वेळ सांगायचा की जाऊ म्हणायची, “तवर भाकऱ्यांचं पापड होतील.” मग तिने गाडीचं चित्र दाबून दिलं.

एकदा एका बाईंचा फोन आला. नवऱ्याची साठी होती, उरणहून त्यांची माणसं जेवायला येणार होती, माशांचं कालवण होतं आणि त्यांना हाताच्या भाकऱ्याच हव्या होत्या. दुपारी जेवायला बसायच्या आत गरम पाहिजेत, एवढंच त्यांनी दोनदा बजावलं. इमारतीचं नाव सांगितलं, सेक्टर वीस सांगितला आणि त्यांच्या माणसाबरोबर ॲडव्हान्स पाठवला. तोवर मला एवढी मोठी ऑर्डर कधी मिळाली नव्हती. ॲडव्हान्सचे सगळे पैसे तांदूळ आणि लाकडात गेले.

कुठला सेक्टर वीस, हे विचारायला पाहिजे होतं. आदल्या संध्याकाळी मी त्यांचा नंबर काढून बसले होते. त्या मोठ्या घरातल्या, पाहुणे आलेले असतील, आपण काय मधेच फोन करायचा, असं वाटलं. मी फोन लावलाच नाही, नकाशात इमारतीचं नाव आणि सेक्टर वीस लिहिलं. त्याने लगेच निळी रेघ ओढली. मला तर हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीपासून चुलीपुढे होते. उकड काढली, मळली, थापली, भाजली. शेवटच्या भाकऱ्यांना हात उचलवत नव्हता. कपड्यात गुंडाळून टोपली बांधली आणि आम्ही निघालो. कळंबोलीला लोखंडाचे ट्रेलर आडवे लागलेले, ऊन चढलेलं. फोन माझ्या हातात होता. कळंबोली मागे गेली, कामोठं मागे गेलं, रेघ पुढेच चाललेली. मला वाटलं, त्याला माहीत असेल.

खारघरला त्याने सांगितलेल्या फाटकासमोर आम्ही उतरलो. इमारतीचं नाव तेच होतं, देवाचं. वॉचमनने वही पाहिली आणि म्हणाला, “इथे कोणाची साठी नाही.”

“वीस तर हाय. भिंतीवर लिवलंय,” जाऊ म्हणाली.

“वीस सगळीकडेच आहे, मावशी. खारघरला वेगळा, कळंबोलीला वेगळा. आणि ह्या नावाच्या बिल्डिंगा तर किती.”

जाऊ हसली नाही, पण म्हणाली, “आमची शेतं घेतली, त्यांवर नंबर टाकलं, तेपण एकच नंबर धा ठिकाणी. मोजणाऱ्याला मोजता येत नव्हतं वाटतं.” मग माझ्याकडे वळली. “लाव त्यांना फोन.”

मी म्हटलं, “तू लाव.”

“ऑर्डर तुझी. मी कोन? डायवर.”

मी लावला नाही. मी पुन्हा नकाशात शोधत बसले, त्याच नावाच्या इमारती वरखाली करत. ऊन फोनवर पडून काही दिसत नव्हतं. शेवटी तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः विचारलं. दोन वाक्यांत झालं. सेक्टर वीस म्हणजे कळंबोलीतला, रोडपालीचा. येताना आम्ही तिथूनच पुढे आलो होतो.

परत वळायला पुलाखालून फिरावं लागलं आणि ते ट्रेलर तिथेच होते. आम्ही पोचलो तेव्हा पंगत उठली होती. त्यांनी हॉटेलातून चपात्या मागवल्या होत्या. दारात बाई आल्या. त्या ओरडल्या नाहीत.

“तुम्ही फोन का नाही केला?” त्या म्हणाल्या. “मी अर्धा तास खाली उभी होते.”

जाऊ म्हणाली, “मऊ हायत अजून. हात लावून बघा तरी.”

“नको. ॲडव्हान्स तेवढा परत द्या.”

भाकऱ्या घरी आणल्या. आम्ही खाल्ल्या, शेजारी दिल्या, उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी फोडणी दिली. नवरा तिसऱ्या वेळेला ताटाकडे बघून म्हणाला, “आज पन साठीच काय?” जाऊ हसली. मला हसू आलं नाही, नुसती झोप येत होती.

पैसे तर संपलेले. गावातल्या लहान ऑर्डरी घेऊन जमेल तसे थोडे थोडे परत करायचं ठरवलं. पण त्या बाई नोकरीला जात, घरी कधी असतील सांगता येत नसे. म्हणजे प्रत्येक वेळी आधी फोन करणं आलं. जाऊ म्हणाली, “ह्यात मी नाय. मी फक्त गाडी चालवीन.”

पहिल्यांदा फोन लावला तेव्हा त्यांनी हॅलो म्हटल्यावर मी बंदच केला. त्यांनी उलटा केला. मी म्हटलं, “मी भाकरीवाली. तुम्ही घरी आहात का?” एवढंच. त्या म्हणाल्या, सहानंतर या. मग दर वेळी तेच वाक्य. ते सोपं झालं असं नाही, पण हिरव्या बटणावर बोट आधीइतकं अडकून राहीनासं झालं. इतर गिऱ्हाइकांनाही मी विचारायला लागले, कुठला सेक्टर, कुठल्या गावाचा. काही चिडायचे. काही आपणहून लोकेशन पाठवायचे, मग ते दाबलं की झालं.

रोडपालीला जाताना फोन बघावा लागत नसे. शेवटच्या वेळी एकटीच गेले, जावेला ताप होता. रिक्षा नाक्यावर सोडून गेली आणि मी चालत गेले. दिवसभर उभी होते, पाय सुजलेले. बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं. म्हणाल्या, “उरलेले राहू द्या आता. खूप दिवस झाले.”

मी म्हटलं, “नको, घ्या.”

त्यांनी घेतले, न मोजता मुठीत धरले, आणि विचारलं, “सुकापूरहून इथपर्यंत चालत आलात?”

“नाही, नाक्यापासून.”

त्या आत जाऊन पैसे ठेवून आल्या आणि म्हणाल्या, “झालं. सगळे आले.”