कानसेन आणि ‘आता नको’

फोनच्या पडद्यावर गेले एकोणीस दिवस रोज सकाळी एक चौकट उगवत होती. फोनची नवीन आवृत्ती तयार आहे, बसवायची का? खाली दोन बटणं, ‘आता बसवा’ आणि ‘आता नको’. कानसेन रोज ‘आता नको’ दाबायचा आणि फोन पालथा ठेवून चहा प्यायचा. विसाव्या दिवशी, शुक्रवारी, त्या चौकटीत एक ओळ वाढली. आज संध्याकाळी पाचनंतर कंपनीचं तपासणीचं ॲप जुन्या आवृत्तीवर चालणार नाही. ॲप नाही म्हणजे लिफ्ट तपासल्याची नोंद नाही, नोंद नाही म्हणजे लिफ्ट बंद, आणि लिफ्ट बंद का, हे विचारायला ऑफिसातल्या मॅडम बसलेल्याच होत्या.

“मशीन केव्हाचं बोंबलतंय,” आतून बायको म्हणाली. “कानात बोळे घातलेत का?”

कपडे धुवायचं मशीन काम संपलं की बारीक आवाजात टीटी करतं. तो आवाज कानसेनला दोन वर्षांत एकदाही ऐकू आला नव्हता. बायकोला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. नवऱ्याला घरातलं काम ऐकू येत नाही हे तिने लग्नानंतर महिन्याभरातच गृहीत धरलं होतं. तो उठला, कपडे काढले, वाळत घातले आणि बाहेर पडला.

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे, हे काय सांगायला हवं? लिफ्ट दुरुस्तीत त्याची तीस वर्षं गेली होती आणि त्यातली अठ्ठावीस त्याने निव्वळ कानाच्या जोरावर काढली होती. मोटरखोलीच्या बंद दाराबाहेर उभा राहून तो आत कुठलं बेअरिंग सुकलंय ते सांगायचा. मग पान्हे निघायचे, झाकण उघडायचं आणि तो म्हणाला तेच निघायचं. कंपनीत न लिहिलेला एक कायदाच होऊन बसला होता. कानसेन ऐकत असताना कोणी बोलायचं नाही, आणि त्याच्या आधी आवाजाबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही. ऑफिसातल्या त्या नव्या इंजिनियर मॅडमसुद्धा हा कायदा पाळायच्या. माणसाचा एवढा मान ठेवू नये, त्याचं पुढे त्यालाच ओझं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या इमारतीत चित्रकलेच्या बाई त्याला म्हणाल्या, “लिफ्टची ही शिट्टी आता बंद होणार ना हो?” तो म्हणाला, “कसली शिट्टी?” बाईंना वाटलं, गंमत करतोय. त्या हसल्या. तोही हसला आणि जिन्यात येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, मोटरची घरघर ऐकू येत होती. गेला होता तो फक्त वरचा, बारीक, टोकदार आवाज. आणि लिफ्टची दुखणी नेमकी त्याच आवाजात बोलतात.

कोणाला सांगणार? निवृत्तीला चार वर्षं होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रेडिओ होता. रेडिओ हा त्याचा अठरा वर्षांचा जोडीदार. तोंडाला बटण नाही म्हणून रेडिओ. तपासणीच्या वेळी कानसेन गच्चीवरच्या मोटरखोलीत उभा राहायचा आणि रेडिओ खाली बोगद्यात, लिफ्टच्या छतावर. दोर जायला मोटरखोलीच्या जमिनीत भोक असतं, त्यातून दोघे बोलायचे. कानसेनने वरून ‘थांब’ म्हटलं की रेडिओ लाल बटण दाबायचा, का म्हणून कधी विचारायचा नाही. चालत्या मोटरचं बेअरिंग अडकलं आणि लिफ्टला हिसका बसला, तर छतावरच्या माणसाला धरायला फारसं काही नसतं.

मग कानसेनला एक फुकटचं ॲप सापडलं. ते आवाजाची रेघ काढायचं. एकदा धडधाकट लिफ्टची रेघ साठवून ठेवली की पुढच्या वेळी त्याच रेघेखाली आजची रेघ चालायची. जिथे दोन्ही फाटायच्या तिथे दुखणं. त्याने एकेक करत एक्केचाळीस लिफ्टच्या रेघा साठवल्या. आता तो मोटरखोलीत भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून उभा राहायचा. लोकांना वाटायचं, काय एकाग्रता आहे. तो खिशातून अर्धा बाहेर काढलेल्या फोनकडे बघत असायचा.

ते ॲप बनवणाऱ्याने केव्हाच गाशा गुंडाळला होता. गेल्या एकोणीस दिवसांत कानसेन फोनच्या दुकानात दोनदा जाऊन आला. दुकानदार म्हणाला, “काका, हे ॲप नवीन आवृत्तीत उघडणारच नाही. पांढरा पडदा दिसेल. आणि पुन्हा कुठे मिळणारही नाही.” कानसेनने दुसरं ॲप उतरवून बघितलं. त्यात रंगांचा नुसता भपका, आणि साठवलेल्या रेघा त्यात येईनात. फोन ऑफिसने दिलेला, त्यामुळे तो तसाच घरी लपवून ठेवायची सोय नव्हती. शेवटी त्याने चौकटींचा कागद आणला आणि पडद्यावरच्या रेघा पेन्सिलीने उतरवायला बसला. अकरा लिफ्ट झाल्यावर बायकोने डोकावून विचारलं, “कोणाच्या हृदयाची तपासणी चाललीय ही?” ऑफिसचं काम आहे, म्हणून त्याने कागद गुंडाळले. कागदावरच्या रेघेखाली आजची रेघ कोण काढणार होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण हाताला काही काम असलं की तेवढा वेळ बरं वाटायचं.

शुक्रवारची लिफ्ट डोळ्यांच्या दवाखान्याची होती. सहा मजले, आणि निम्मी माणसं एका डोळ्यावर पट्टी बांधून वर-खाली करणारी. रेडिओ जिन्यातूनच सुरू झाला.

“माझ्या फोनला तर मंगळवारीच बसवली. दहा मिनिटं लागली. फक्त सगळी चित्रं गोल झालीत आणि बायकोचा फोटो मोठा झालाय, त्याला इलाज नाही. तू कशाला अडकवून ठेवलंयस?”

“बघतो,” कानसेन म्हणाला.

“बघतो काय? पाचपर्यंतच आहे.”

रेडिओ खाली छतावर उतरला. लिफ्ट हळू चालू झाली. कानसेनने भिंतीकडे तोंड केलं. दोन रेघा एकीखाली एक सरळ चालल्या होत्या, आणि चौथ्या मजल्यापाशी खालची रेघ एकदम वर उसळली.

“थांब!”

लिफ्ट थांबली. रेडिओ वर आला. झाकण काढलं, तर बेअरिंगमधलं वंगण काळं पडून सुकलेलं. त्याने ते पुसलं, नवीन भरलं, आणि हात पुसता पुसता म्हणाला, “तुझा कान ना, कुलूप लावून तिजोरीत ठेवायला पाहिजे. मला मोटरच्या घरघरीशिवाय काही कळत नाही आणि तू सरळ बोट ठेवतोस. चल, नोंद कर, मग पुन्हा एकदा चालवून बघू.”

कानसेनने कंपनीचं ॲप उघडलं. पडद्यावर आलं, आधी नवीन आवृत्ती बसवा. पाच वाजून गेले होते.

“बसव ना मग,” रेडिओ म्हणाला.

“बसवली तर मला ऐकू येणार नाही.”

रेडिओ हसला. मग त्याने कानसेनच्या तोंडाकडे बघितलं आणि हसायचा थांबला. कानसेनने फोन त्याच्या हातात दिला, दोन रेघा दाखवल्या, चित्रकलेच्या बाईंची शिट्टी सांगितली. सांगताना त्याला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

रेडिओने दोन्ही रेघा बोटाने शेवटपर्यंत सरकवून बघितल्या.

“किती दिवस?”

“दोन वर्षं. वर दोन महिने.”

“आणि मी खाली छतावर.”

“रेघ कधी चुकली नाही.”

“कापडाच्या गोदामाची लिफ्ट?” रेडिओने विचारलं. “गेल्या वर्षी. तू ‘ठीक आहे’ म्हणालास आणि आठवड्याने ती दोन मजल्यांमध्ये अडकली. नशीब, आत कोणी नव्हतं.”

कानसेनने मान खाली घातली. “त्या दिवशी फोनची बॅटरी संपली होती. अंदाजाने बोललो.”

रेडिओने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. “मला ऐकू आली होती ती शिट्टी. छतावर उभा होतो मी, स्वच्छ ऐकू आली.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू काही बोलला नाहीस म्हणून! म्हटलं, कानसेनला ऐकू येत नाही म्हणजे नसणारच. माझाच कान बिघडला असेल. घरी जाऊन कानात तेल घातलं, माहितीय?”

दुसऱ्या कोणी ऐकलं असतं तर हसू आलं असतं. त्या दोघांना आलं नाही. कानसेनला वाटत होतं, आपण एक खोटं एकट्याने सांभाळतोय. आपल्या खोट्यापायी ज्याचे कान शाबूत होते त्याने ते बंद करून घेतले होते, हे कानसेनच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“सोमवारी मॅडमना सांगायचंस,” रेडिओ म्हणाला. “मी सांगणार नाही. पण तू सांगितलं नाहीस तर मी तुझ्याबरोबर कामाला येणार नाही.”

“ते मला नोंदींच्या टेबलावर बसवतील.”

“बसवू देत.”

कानसेनने फोन परत घेतला. जुनं ॲप उघडून त्याने एकदा बोटाने यादी खालपर्यंत सरकवली. शाळा, गोदाम, बँक, दवाखाना, एक्केचाळीस रेघा. मग ती बंद केली आणि ‘आता बसवा’ दाबलं. पडदा काळा झाला आणि त्यावर एक बारीक पांढरी पट्टी सरकू लागली. त्याने फोन मोटरखोलीच्या खिडकीत ठेवून दिला.

“तोवर पुन्हा चालवून बघू,” रेडिओ म्हणाला. “मी ऐकतो. तू छतावर जा.”

कानसेन अठरा वर्षांत लिफ्टच्या छतावर उभा राहिला नव्हता. गुडघे कुरकुरले. पट्टा कमरेला बांधला, दिवा लावला. चारी बाजूंनी काळ्या भिंती आणि मध्ये वर जाणारे दोर. वरच्या भोकातून थोडा उजेड येत होता. त्याने बटण दाबलं आणि लिफ्ट हळूहळू वर सरकू लागली. त्याला फक्त घरघर ऐकू येत होती. त्या घरघरीच्या वर काय चाललंय, शिट्टी वाजतेय की गेलीय, हे कळायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं, खिशातली रेघसुद्धा नव्हती. रेडिओ वर गप्प होता, आणि रेडिओ गप्प आहे याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटत होती. अठरा वर्षं हा इथे उभा राहून गप्पा कशा मारायचा, हे कानसेनला कळेना. मग कळलं. त्याला वरच्या कानाची खात्री होती म्हणून.

दुसरा मजला गेला, तिसरा गेला.

“थांब,” वरून आवाज आला. जरा घाबरलेला, पहिल्यांदाच तो शब्द म्हणणाऱ्याचा.

कानसेनला कसलीही शिट्टी ऐकू आली नव्हती. त्याने लाल बटण दाबलं, आणि का ते विचारलं नाही.