शडराकच्या बाजूचे साक्षीदार

शडराक भिंगारदिवे कासारवाडीत दोन गोष्टींसाठी ओळखला जातो: त्याचं नाव कुणालाही नीट म्हणता येत नाही, आणि त्याच्याकडे कमोडची खुर्ची मिळते. चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं वेल्डिंग करून तो निवृत्त झाला आणि चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसला. शेडमध्ये व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या आणि डोक्याकडून वर उचलता येणाऱ्या चार खाटा. ज्याच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं, त्याने वस्तू न्यावी, माणूस बरा झाला की परत आणावी. माणूस बरा झाला नाही, तर शडराक त्या घरी जातो, चहा घेतो आणि खाटेचा विषय न काढता परत येतो. खाट मग आपोआप येते.

खाटा हलवायला टेम्पो लागतो. तो वजीरचा. वजीरचं गॅरेज शेडसमोरच. बारा वर्षांच्या मैत्रीत दोघांचं एकाही विषयावर एकमत झालेलं नाही. जिन्यातून खाट कोणत्या बाजूने वळवायची, यावरही नाही.

अडचण चर्चच्या कमिटीत उपटली. शेड सुरू झाली होती ‘मैत्रीतून सुवार्ता’, म्हणजे ओळखी वाढवून येशूचा संदेश पोचवायचा, या योजनेखाली. मैत्री भरपूर झाली. सुवार्तेच्या रकान्यात मात्र बारा वर्षं आडवी रेघ. सेक्रेटरी रणजीतराव हे व्यवस्थित गृहस्थ. शेड पाडून पार्किंग करावं, निदान आहेत त्या लोकांची तरी सोय होईल, असं त्यांनी सुचवलं. चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. रविवारच्या उपासनेत शडराकने एक तरी बाहेरचा मित्र आणावा, त्याने साक्ष द्यावी, मग शेडचं ठरवू.

चर्चमध्ये साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगणं. शडराकच्या कानावर हा शब्द पाळण्यापासून पडत आलेला. बाहेरच्या जगात साक्ष कोर्टात देतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

“वजीर, रविवारी साडेनऊला चर्चमध्ये येशील का? साक्ष द्यायचीय. नाहीतर शेड जातेय.”

वजीरच्या हातातला पाना थांबला. “केस तुझ्यावर?”

“माझ्यावरच म्हण. कमिटीने काढलंय.”

“घरचेच उलटले? बोल भावा, काय सांगू? तू तिथं नव्हतास म्हणून सांगू?”

“कुठं नव्हतो?”

“तू म्हणशील तिथं.”

“अरे, खरं असेल ते सांग.”

“खरं?” वजीर काळजीत पडला. “वकिलाला विचारलंस का?”

“आपला वकील वर आहे.”

वजीरने वर पाहिलं. गॅरेजच्या वर शिवणक्लास होता. म्हणजे या माणसाला वकीलही मिळालेला नाही, हे त्याला कळलं.

आरोप काय, हे त्याने विचारलं नाही. पेपर तोही वाचतो. चर्चवाला, त्यात फुकट वस्तू देतो. आरोप एकच असू शकतो. आणि एका साक्षीदाराने काय होणार? खाटा ज्या ज्या घरी गेल्या, ती सगळी घरं टेम्पोला पाठ होती.

रविवारी नऊ वाजता चर्चसमोर टेम्पो लागला आणि त्यातून एकवीस साक्षीदार उतरले. मंजुळाबाई वॉकरसकट, पुरावा म्हणून.

पाळकसाहेबांनी आनंदाने माइक दिला. वजीरने उजवा हात वर केला.

“खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. साहेब, मी याला बारा वर्षं ओळखतो. याने एकदाही आपल्या धर्माचं काही सांगितलं नाही. पुस्तक दिलं नाही. देवाचं नाव घेतलं ते एकदाच, खाट पायावर पडली तेव्हा. माणूस बेकसूर आहे.”

रणजीतरावांनी डोळे मिटले. ती प्रार्थना नव्हती. शडराक बाकावर इंचाइंचाने खाली सरकत होता. त्याच्याविरुद्ध इतका भक्कम पुरावा कमिटीलाही जमवता आला नसता.

मग मंजुळाबाई उठल्या. “आमच्या ह्यांस्नी ह्यानं पाठीवर घिऊन तीन मजले उतरवलं. मी इचारलं, बाबा, कशापायी करतोस? तर म्हनला, वजन लई न्हाई. ह्यो गुन्हा हाय व्हय?”

“तेव्हा देवाचं काही बोलला का?” रणजीतरावांनी शेवटची आशा म्हणून विचारलं.

“न्हाई!” मंजुळाबाई ठामपणे म्हणाल्या. “मी मागंच हुते. मजल्यावर थांबला की निस्तं पुटपुटायचा. पायऱ्या मोजत असंल.”

पाळकसाहेबांनी शडराककडे पाहिलं. “मोजत होतास?”

“नाही, साहेब. त्यांच्यासाठी देवाकडे मागत होतो. मोठ्याने म्हणायला दम नव्हता.”

पाळकसाहेबांनी माइक परत घेतला आणि बंद केला. त्या चर्चमध्ये हे प्रथमच घडत होतं. मग म्हणाले, “रणजीतराव, शेड राहील. लिहून घ्या.”

“कारण काय लिहू?”

“साक्ष ऐकली.”

“सुटला!” वजीर ओरडला, आणि मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. मंजुळाबाईंचा मात्र विश्वास बसेना. त्यांच्या दिराचा बांधाचा दावा सतरा वर्षं चालू होता. एका बैठकीत कुणी सुटतं, हे त्यांनी ऐकलं नव्हतं. जाताना त्यांनी पाळकसाहेबांना दारातच गाठलं.

“साहेब, पुढली तारीख कंदी?”

“रविवारी,” पाळकसाहेब म्हणाले. “साडेनऊला.”